पट्टीला टेकलेलं डोकं

रविवारची सकाळ, भाईंदर पश्चिम. स्टेशनबाहेर उत्तन-गोराईकडे जाणाऱ्या बसला रांग लागलेली असते. त्या रांगेतल्या एखाद्या पोरावर दिवसभर लक्ष ठेवा. त्याचं वय आणि त्याची उंची, दोन्ही सोयीप्रमाणे बदलत राहतात. लोकलचं तिकीट काढताना तो चार वर्षं अकरा महिन्यांचा असतो, कारण लोकलमध्ये काय किंवा एसटीत काय, पाचच्या आतलं मूल फुकट आणि पाच ते बारा अर्धं तिकीट. थीम पार्कच्या तिकीट खिडकीपाशी दर उंचीवर ठरतो, म्हणून तिथे बाबा हळूच सांगतात, ‘जरा वाकून उभा राहा.’ आणि तासाभराने आत, मोठ्या राइडच्या रांगेत, तेच बाबा कुजबुजतात, ‘टाचा उचल.’

मुलांना थीम पार्कला कितव्या वर्षी न्यावं, हा प्रश्न आपण आईबाप एकमेकांना विचारत असतो. पार्कवाले मात्र या भानगडीत पडत नाहीत. ते जन्मदाखला मागत नाहीत. एक रंगवलेली पट्टी उभी करतात आणि पोराचं डोकं तिला टेकतं की नाही एवढंच बघतात. या पट्टीत बरंच शहाणपण आहे. पण ती सांगते फक्त शरीराचं. कानाचं, मनाचं आणि आठवणीचं वय ती मोजत नाही. ही वयं एकाच वाढदिवसाला पूर्ण होत नाहीत, आणि सगळी अडचण तिथेच आहे.

आधी जागेबद्दल थोडं, कारण मीरा-भाईंदरकरांचा या विषयाशी शेजारधर्म आहे. गोराई कागदोपत्री मुंबईत मोडतं, पण गाडीरस्त्याने तिथे जायचं तर भाईंदरवरूनच जावं लागतं. मुर्धा, राई, मोर्वा मागे टाकत, मिठागरांच्या कडेकडेने, उत्तनवरून. दुसरी वाट खाडीतून, बोटीने. या टोकावर १९८९ साली सुभाषचंद्रांच्या एस्सेल समूहाने एस्सेलवर्ल्ड उभं केलं. त्याआधी पाच वर्षं, १९८४ मध्ये, दिल्लीत अप्पू घर सुरू झालं होतं; पण आपल्या बाजूच्या पोरांना विजेवर फिरणारे, उलटेपालटे करणारे अजस्र पाळणे पहिल्यांदा पाहायला मिळाले ते गोराईला. १९९८ मध्ये शेजारीच वॉटर किंगडम आलं. कोविडनंतर एस्सेलवर्ल्डचा पडदा पडला, पाण्याचं राज्य चालू राहिलं. एस्सेलवर्ल्डच्या जाहिरातीतलं गाणं एका अख्ख्या पिढीला अजून पाठ आहे. घरी जायचंच नाही, असा त्यातला हट्ट. तीन वर्षांचं पोर प्रत्यक्षात याच्या नेमकं उलट हट्ट करतं, हे त्या गाण्यात अर्थातच नव्हतं.

त्याही आधी मुंबई-ठाण्याच्या मुलांचं ‘थीम पार्क’ म्हणजे मलबार हिलवरचा म्हातारीचा बूट, राणीच्या बागेतला हत्ती आणि बोरिवलीच्या नॅशनल पार्कातली वनराणी. वनराणीच्या मार्गाचं २०२१च्या तौक्ते वादळात नुकसान झालं आणि गाडी थांबली; पण त्याआधीची कितीतरी वर्षं दहिसर नाक्याच्या अलीकडच्या-पलीकडच्या मुलांची पहिली ‘राइड’ तीच होती. हळू चालणारी, उघडी, आईच्या मांडीवर बसून करायची. आणि गावाकडे जत्रा होतीच. जत्रेतला पाळणेवाला पट्टी ठेवत नाही. तो पोराकडे एक नजर टाकतो, काखेत हात घालून उचलून बघतो आणि सांगतो, ‘हा एकटा नाय बसायचा. आईला घ्या संगं.’ त्या एका उचलण्यात वजन, अंगातली ताकद आणि पोर किती घाबरलंय, तिन्ही मोजून होतं. पट्टीला हे जमत नाही.

पट्टीला जे जमतं ते आधी पाहू. राइडच्या सीटवर मांडीवर येणारा दांडा किंवा खांद्यावरून उतरणारी पकड एका ठरावीक मापाच्या शरीरासाठी बनवलेली असते. मांडी पुरेशी जाड नसेल तर दांड्याखाली पोकळी राहते आणि गाडी वरून खाली झेपावते तेव्हा मूल त्या पोकळीतून सरकू शकतं. पाय टेकत नसतील तर स्वतःला रोखायला आधार उरत नाही. त्यात लहान मुलाच्या शरीराची ठेवणच वेगळी. नवजात बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या चौथा हिस्सा असतं, मोठ्या माणसाचं सातवा-आठवा. दोन-तीन वर्षांचं पोर म्हणजे बारीक देठावर मोठं फूल. मेंदू जवळजवळ मोठ्यांच्या मापाचा झालेला, मानेचे स्नायू मात्र अजून कच्चे. गाडी झटक्यात वळते तेव्हा मोठ्या माणसाची मान आपोआप ताठ होते आणि धक्का पेलते. लहानग्याची मान त्या धक्क्यामागून जाते. म्हणून उंचीची अट ही लहान मुलांवरचा अन्याय नाही, आणि टाचा उचलायला लावणाऱ्या बाबांनी हे एकदा नीट समजून घ्यायला हवं. चार सेंटीमीटरची लबाडी टाचेत होते. मान आणि मांडी आहे तिथेच राहतात.

आता ही उंची कुठल्या वयात येते? जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यांप्रमाणे तीन वर्षांच्या मुलाची मध्यम उंची ९५-९६ सेंटीमीटर, पाचव्या वर्षी ११० च्या आसपास, सातव्या वर्षी १२१, दहाव्या वर्षी १३८. भारतीय मुलांसाठी वेगळे तक्ते आहेत. पाच ते अठरा वयाचे, भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २०१५ मध्ये स्वीकारलेले. त्यामागे पुण्याच्या जहांगीर रुग्णालयातल्या डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर यांचं मोठं काम आहे. आपली मुलं त्यात किंचित खाली दिसतात, पण फार नाही. जगभरच्या पार्कांत थरारक राइड्सची अट साधारण १०० ते १४० सेंटीमीटरच्या टप्प्यात असते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाला घेऊन गेलात तर पैसे पूर्ण पार्कचे भरायचे आणि फिरायचं त्याच्या एका कोपऱ्यात. सातव्या-आठव्या वर्षी अर्धं पार्क उघडतं. अकराव्या-बाराव्याला जवळजवळ सगळं. मात्र एकाच वर्गातल्या मुलांत वीतभराचा फरक सहज असतो. शेजारच्या मुलाला बसू दिलं आणि आपल्याला नाही, यावरून झालेली रडारड मी डोळ्यांनी पाहिली आहे. तेव्हा निघण्याआधी घरच्या दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलीने खूण करून मोजावं आणि पोराला तिथेच सांगावं की कशात बसता येईल आणि कशात नाही. नकार स्वयंपाकघराच्या दारात पचतो. तासभराच्या रांगेच्या टोकाला नाही.

हे झालं शरीर. आता मन. इथे मला एक मांजर आठवतं. त्याचं नाव मेनार्ड. १९६९ साली रेटा डेव्ह्रीस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बाईंनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांना या गरीब स्वभावाच्या मांजराशी खेळू दिलं. मग मांजराच्या तोंडावर कुत्र्याचा मुखवटा चढवला. मुखवटा चढवताना मांजराचं मागचं अंग मुलांच्या समोरच होतं. प्राणी बदलला नाही हे उघड होतं. तरी तीन वर्षांच्या बऱ्याच मुलांच्या लेखी मेनार्ड आता कुत्रा झाला होता. सहा वर्षांच्या मुलांना मात्र हे मांजरच आहे, फक्त तोंड झाकलंय, असं ठामपणे सांगता आलं.

पार्कात हत्तीचं नाहीतर सशाचं सोंग घेतलेला माणूस हात हलवत येतो आणि तीन वर्षांचं पोर किंचाळून आईच्या पदरात शिरतं, तेव्हा ते भित्रं नसतं. त्याच्यापुरता तो खरोखर दोन पायांवर चालणारा, माणसाएवढा ससा असतो. अशा वेळी ‘अरे, ते खोटं आहे’ हे वाक्य निरुपयोगी. खोटं आणि खरं यांच्यामधली भिंत त्याच्या डोक्यात अजून बांधून झालेली नाही. घाबरवणाऱ्या अंधाऱ्या घरांचं तर नावच नको. एस्सेलवर्ल्डमध्ये ‘मॉन्स्टर्स इन द मिस्ट’ होतं, खोपोलीच्या इमॅजिकामध्ये ‘सलीमगढ’. अशा जागी सहा-सात वर्षांचं मूल घाबरतं आणि हसतंही, कारण त्याला भिंतीच्या दोन्ही बाजू दिसतात. त्याहून लहान मुलाला फक्त भूत दिसतं. आणि ते भूत घरी येतं, रात्री पंख्याच्या सावलीत बसतं.

याच वयाची दुसरी गोष्ट म्हणजे वेळ. राइड दोन मिनिटांची असते. मोठ्या माणसाला पोटात गोळा आला तरी ‘संपेल आत्ता’ हा विचार हाताशी असतो. तीन वर्षांच्या मुलाला ‘आत्ता’ कळतं, ‘संपेल’ कळत नाही. फुगडी आठवा. दोन मुली हात गुंफून मागे झुकतात, गरगरतात, ओरडतात. ताण तोच, गरगरणं तेच. पण नको झालं की पाय टेकवायचे, फुगडी मोडते. भिंगरी, घसरगुंडी, बागेतला झोका, सगळ्या खेळांची कळ पोराच्या स्वतःच्या अंगात असते. पार्कातल्या राइडची कळ मात्र दूर, खोक्यात बसलेल्या ऑपरेटरच्या बोटाखाली. आपल्या हातात नसलेलं गरगरणं दोन मिनिटं सोसायचं, ही समज बहुतेक मुलांना सहाव्या-सातव्या वर्षी येते. झां पियाजे या स्विस मानसशास्त्रज्ञानेही मुलांच्या विचारातलं मोठं वळण साधारण सातव्या वर्षीच ठेवलं आहे. परीक्षा सोपी आहे. ‘पाच मिनिटं थांब’ म्हटल्यावर जे मूल घड्याळाकडे बघतं, ते राइडला तयार. जे पुन्हा पुन्हा ‘झाली का?’ विचारतं, त्याला अजून बागेतलाच झोका बरा.

इथवर सगळं सातव्या वर्षाकडे बोट दाखवतंय. आणि नेमका इथे कान आडवा येतो.

आपल्याकडे ‘गाडी लागणं’ हा शब्दप्रयोग आहे आणि तो इतका नेमका आहे की वैद्यकाच्या पुस्तकालाही हेवा वाटावा. घाटात एसटीत कुणाला गाडी लागते, कुणाला नाही. कानाच्या आत, शंखासारख्या भागाजवळ, पाण्याने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं वळलं की आतलं पाणी मागे राहतं, केसांसारखे सूक्ष्म तंतू वाकवतं आणि मेंदूला वळण्याची खबर लागते. डोळे वेगळी खबर देतात, स्नायू तिसरी. तिघांच्या साक्षी जुळल्या नाहीत की मेंदू गोंधळतो आणि त्याचा राग पोटावर निघतो. दोन वर्षांखालच्या बाळांना गाडी सहसा लागत नाही. त्यानंतर प्रमाण वाढत जातं आणि शाळकरी वयात, साधारण सहा ते बारामध्ये, ते सगळ्यात जास्त असतं; पुढे पुन्हा ओसरतं. म्हणजे मन राइडला तयार होतं, उंची पट्टीला टेकते, आणि त्याच वर्षांत कान म्हणतो, नको.

यावर उपाय वय पुढे ढकलणं हा नव्हे. मुलाला ओळखणं हा आहे. मीरा रोडवरून घोडबंदरच्या वळणांवर ज्या मुलीला खिडकी लागते, तिला एकाच जागी गोल फिरवणाऱ्या चक्रीत बसवू नये. सरळ धावणारी, चढउतार करणारी गाडी तिला चालेल, कारण तिथे डोळे आणि कान यांची साक्ष बरीचशी जुळते. सगळ्यात फसवी राइड म्हणजे हलत्या खुर्च्यांवर बसून पडद्यावरचा सिनेमा बघायची. इमॅजिकातली ‘मिस्टर इंडिया’ची राइड त्या जातीची. दिसायला निरुपद्रवी, पण डोळे मैलभर उडतात आणि शरीर वीतभर हलतं. आजी ‘मी बसते बाई यात, यात काही उलटंपालटं नाही’ म्हणून आत जाते आणि पांढरीफटक होऊन बाहेर येते. बाकी नियम आपल्या आयांना आधीपासून ठाऊक आहेत. रिकाम्या पोटी नको, गच्च पोटीही नको, वडापाव राइडनंतर. आल्याची वडी खिशात.

पाण्याच्या पार्काचा हिशेब थोडा वेगळा. तिथे चार-पाच वर्षांचं मूलही दिवसभर रमतं, कारण गुडघाभर पाण्यात कळ पुन्हा त्याच्याच हातात असते. नको झालं की बाहेर यायचं. मात्र बुडणारं मूल सिनेमातल्यासारखं ओरडत नाही. ते गप्प बुडतं. लाटांच्या तलावात पोर हाताच्या अंतरावर हवं, मोबाइल लॉकरमध्ये हवा. आणि एप्रिल-मे मधली दुपार टाळावी. लहान शरीर लवकर तापतं, पाण्यात असल्यामुळे तहान कळत नाही आणि किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम वाळत नाही. दिवाळीनंतरच्या सुट्टीत कोरड्या पार्कला जायचं आणि उन्हाळ्यात पाण्याच्या पार्कला सकाळी लवकर जाऊन दुपारच्या आत निघायचं, असं आमच्या ओळखीतली एक शहाणी आई करते.

उरली आठवण. खर्चाचा प्रश्न खरा तिथे येतो. चौघांचं तिकीट, प्रवास, आतलं महागडं खाणं मिळून पगाराचा चांगला लचका तुटतो. मग मनात येतं, पोराच्या हे लक्षात राहणार का? मोठ्या माणसांना आपली सगळ्यात जुनी आठवण विचारली तर ती सरासरी तीन-साडेतीन वर्षांच्या वयाची निघते. त्याआधीचं सगळं पुसलेलं. पॅट्रिशिया बावर आणि मरीना लार्किना या अमेरिकेतल्या संशोधिकांनी २०१४ मध्ये याचा छान उलगडा केला. तीन वर्षांच्या मुलांना त्यांच्या आयांबरोबर नुकत्याच घडलेल्या गोष्टींबद्दल बोलतं केलं, त्यांत अशा सहलींच्या गोष्टीही होत्या, आणि पुढे वेगवेगळ्या वयांत त्याच गोष्टी पुन्हा विचारल्या. पाच ते सात वर्षांच्या मुलांना त्यातल्या साठ टक्क्यांहून जास्त आठवत होत्या. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना चाळीस टक्क्यांहून कमी. म्हणजे तिसऱ्या वर्षीची सहल पोर विसरतं ते लगेच नाही; शाळेत चांगलं रुळल्यावर विसरतं. त्याच अभ्यासात हेही दिसलं की ज्या आया मुलाला त्याच्या चालीने बोलू देत, ‘मग पुढे काय झालं?’ असं विचारत, त्यांच्या मुलांच्या आठवणी जास्त टिकल्या.

माझं मत विचाराल तर, तीन वर्षांच्या मुलाला मोठ्या पार्कात नेणं हा आईबापांच्या हौसेचा कार्यक्रम असतो. हौस वाईट नाही. फक्त ती आपली आहे हे मान्य करावं आणि पोर दुपारी दोनला झोपलं म्हणून त्याच्यावर डाफरू नये. अमेरिकेतल्या डिस्नीच्या पार्कांत तिसऱ्या वाढदिवसापासून तिकीट लागतं. आठवणी साधारण जिथून सुरू होतात, नेमक्या त्याच रेषेवर. हा योगायोग असावा, पण धंद्याचं नाक तीक्ष्ण असतं. त्या वयाच्या मुलाला जत्रेतला घोडा पुरतो, मैदानावर मे महिन्यात लागणारी छोटी आगगाडी पुरते, आणि उत्तनच्या किनाऱ्यावर सुकत घातलेल्या बोंबलांच्या रांगांखालून पळणारं मांजर तर उरतं.

थीम पार्क आणि नुसतं मनोरंजन पार्क यांत जो फरक आहे तो इथे उपयोगी पडतो. एस्सेलवर्ल्डमध्ये पाळणा हा पाळणा होता. १९५५ मध्ये कॅलिफोर्नियात डिस्नीलँड उघडलं तेव्हापासून दुसरी पद्धत रूढ झाली: प्रत्येक राइडमागे गोष्ट. आपल्याकडे २०१३ मध्ये मनमोहन शेट्टी यांनी खोपोलीजवळ इमॅजिका सुरू केलं ते याच वळणाचं. तिथे बोटीतून जाताना जो डायनोसॉर अंगावर येतो तो ‘राजासॉरस’, गुजरातमध्ये सापडलेल्या जीवाश्मांवरून २००३ मध्ये ज्याचं बारसं झालं. डायनोसॉरांची नावं घडाघडा म्हणणाऱ्या सात वर्षांच्या मुलाला ती राइड म्हणजे तीर्थयात्रा. चार वर्षांच्या मुलाला ओलं करणारा अंधार. गोष्ट आधी माहीत असावी लागते. त्यासाठी पुस्तक स्वस्त पडतं, आणि ते सहलीच्या महिनाभर आधी आणावं.

तेव्हा एकच आकडा मागणाऱ्याला मी सात सांगतो, आणि लगेच पुस्ती जोडतो: त्यानंतर पुन्हा बाराव्या वर्षी, पण तेव्हा तुम्ही जाऊ नका. मुंबई-ठाण्यातल्या शाळांच्या सहली वर्षानुवर्षं गोराईला जात ते याच वयाच्या सुमारास. बोटीत सगळा वर्ग कोंबलेला, बाई डोकी मोजतायत, कुणीतरी डबा बोटीतच उघडलाय. त्या वयात उंची झालेली असते, कान शांत होऊ लागतो, आणि भीती वाटली तर ती मित्रासमोर लपवण्याचं नवं सुख मिळतं. आईबाप तिथे असले तर हे सुख बुडतं.

सातव्या वर्षी मात्र तुम्ही बरोबर हवे. परतीच्या बसमध्ये मिठागरं काळोखात जात असताना ‘मजा आली का?’ असं विचारू नका. त्याचं उत्तर ‘हो’ असतं आणि बोलणं तिथेच संपतं. ‘सगळ्यात जास्त भीती कधी वाटली?’ असं विचारा. माझ्या भाच्याला मी असं विचारलं होतं. दिवसभरात तो अकरा वेळा वेगवेगळ्या गोष्टींत बसला होता. त्याने बराच विचार केला आणि सांगितलं की बोटीवर चढताना फळी आणि बोट यांच्यामध्ये खाली पाणी दिसत होतं, तेव्हा. आणि चिखलात एक खेकडा एकाच नांगीने सगळ्यांना बोलावत होता, तो तू पाहिलास का?

मी पाहिला नव्हता.